सात ते अकरा, खडक कोरडा

तीन डिसेंबर दोन हजार पंचवीस, बुधवार. हे घडलं त्या दिवशी आपल्या रावेतला पहाटे बारा अंश आणि धुकं. दुपारी आभाळ स्वच्छ, वारा नाही. रात्री चतुर्दशीचा चंद्र. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा.

तुम्ही पोरं पहाटे समुद्रावरचे कडे चढायला निघालात, पिशव्या भरून बसलात, म्हणून हे आत्ताच सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतलं तो निरंजन तळेगावच्या कंपनीत अकरा वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर होता. सरळ माणूस. आयुष्यात खोटं एकदाच बोलला, तेही तोंडाने नाही.

आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून निरंजनचा चढाईचा गटही गुरुवारचा. बहुतेक सगळे कंपन्यांतले. एक नदीम तेवढा वेगळा, त्याचं रहाटणीत गॅरेज. सह्याद्रीचे कडे नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी धडकी भरवतात. म्हणून गटाचा प्रमुख दिग्विजय कोकणात सोप्या जागा हुडकत होता. समुद्राकाठी तीस-चाळीस फुटांचा काळा कातळ असतो. खडबडीत, हाताला खाचा भरपूर. निम्मी वाट तर हातापायांवर रांगत जाता येते. श्रीवर्धनच्या पुढं एका गावाबाहेर त्याला असा कडा सापडला. गावाचं नाव मी घेणार नाही.

दिग्विजय क्वालिटी खात्यातला. त्याने प्रत्येक जागेचा तक्ता केला होता. उंची किती, सुटे दगड कुठे, दोर कशाला बांधायचा, वेळ कोणती. खाली दोन सह्या, एक 'पाहिले'ची आणि एक 'तपासले'ची. पाच डिसेंबर चोवीसच्या गुरुवारी तो एकटा गेला, सकाळभर तिथे बसला आणि वेळेच्या रकान्यात लिहून आला, 'सात ते अकरा, खडक कोरडा.' पहिल्या शिफ्टची वेळ लिहावी तसं. शनिवारी कंपनीच्या गेटवर त्याने तो कागद निरंजनपुढे धरला. बस सुटायला आली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. निरंजनने मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून 'तपासले'खाली सही केली.

त्याने तो कडा पाहिलाही नव्हता. आणि यात त्याला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे रोज हेच चालतं. एक शिफ्ट बघते, दुसरी सही करते. मी स्वतः किती केल्यात. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या गुरुवारी नदीमला धरून नऊ जण गेले, वेळेची जबाबदारी त्याच्यावर. निरंजनला ओव्हरटाइम लागला, तो नव्हता. सातला खडक कोरडा होता. पावणेआठला पाणी आलं. खाली जायची वाट कातळाच्या एका सोंडेला वळसा घालून जाते, तीच आधी बुडाली. मागे फिरायला वाट नाही, वर फक्त कडा. नदीमने खाली उभं राहून आठ जणांना एकेक करून दोराला बांधलं आणि वर पाठवलं. नववा तो. त्याच्यासाठी दोर सोडला तेव्हा खाली कुणी नव्हतं.

गटाच्या वहीत दिग्विजयने लिहिलं, 'नदीमने वेळ पाळली नाही.'

महिन्याने नदीमची बायको साबिया निरंजनच्या दारात आली. आत आली नाही. म्हणाली, "भाऊ, गिऱ्हाइकाला पाचला गाडी देतो म्हटलं की पाचला देणारा माणूस होता तो. आता जो येतो तो माझ्या सासूला सांगतो, तुमच्याच पोराची चूक. तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा."

निरंजन 'चहा घ्या' एवढंच म्हणाला. ती गेल्यावर त्याने दिग्विजयला मनातल्या मनात शिव्या घातल्या. वर्षभर घालत होता. स्वतःच्या सहीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

आणि वर्षाने दिग्विजयने तोच तक्ता पुन्हा काढला. चाकणच्या एका कंपनीची चोवीस शिकाऊ पोरं-पोरी, चार डिसेंबरचा गुरुवार. बस आदल्या रात्री अकराला निघणार, सकाळी सातला मंडळी कड्याखाली. निरंजनने आधी जाऊन दोर बांधून ठेवायचे. त्याला नाही म्हणायचं होतं. पण दुसऱ्या कुणाच्या गाठीवर त्या पोरांना सोडायला मन होईना, म्हणून गेला.

संध्याकाळी पाच वीसला तो कड्यावर पोचला. खाली खडक कोरडा. वर उंडीच्या झाडाला त्याने तीन दोर बांधले, खाली सोडले आणि मुक्कामाला गोजाबाईंकडे गेला. या म्हाताऱ्या बाई पर्यटकांना जेवण करून घालतात. घरातले सगळे मासेमारीत. वाढता वाढता त्यांनी विचारलं, सकाळी कितीला उतरणार? सात ते अकरा, तो म्हणाला.

त्यांच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"कुणी सांगितलं?"

"तसं कागदावर आहे, मावशी."

"दर्याला काय तुमच्या कंपनीचा भोंगा ऐकू येतो? घड्याळावर चालतो व्हय तो? तिथीवर चालतो. रोज पाऊण तास पुढं सरकतो. उद्या पुनव. सातला कोरडं दिसंल, दहाला सोंड बुडंल, बाराला पार वर." मग ताटात भाकरी टाकत म्हणाल्या, "गेल्या साली तुमचा माणूस गेला त्या दिशी बारस होती. साडेनवाला भरती. आमच्या घरातलं बारकं पोरसुद्धा सांगतं हे. पण आमाला इचारलं कुणी?"

निरंजनचं जेवण तिथेच थांबलं. नदीमने वेळ पाळली होती. वेळच खोटी होती.

नऊ चाळीसला त्याने दिग्विजयला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला नाही. दिग्विजय म्हणाला की लोक जमले आहेत, आपण नवाच्या आत उरकून घेऊ. निरंजनचा आवाज चढला. तेव्हा तो थंडपणे म्हणाला, "राव, 'तपासले'वर सही तुझी आहे. बस रद्द केली की का केली ते सांगावं लागेल. मग मागचं सगळं निघेल. माझं निघेल, तुझंही. गेलेला माणूस गेला. त्याच्या नावावर आहे ते राहू दे की."

निरंजनने फोन कापला. पण बसवाल्याला काही त्याने फोन केला नाही. त्याला दुसरी युक्ती सुचली. दोरच काढून टाकायचे. दोर नाहीत तर चढाई नाही. चोरीला गेले म्हणून सांगायचं. कुणाला काही बोलायला नको, सहीचं नाव निघायला नको.

अकरा दहाला तो कड्यावर आला. चंद्र डोक्यावर. अक्षर वाचता येईल असं चांदणं. पाणी भरलं होतं. सोंड दिसत नव्हती, संध्याकाळचा खडक दिसत नव्हता. लाटांचा आवाज मात्र... नव्हता. तुडुंब भरलेल्या हौदासारखं पाणी, हलेना.

पहिला दोर वर ओढला. दुसरा ओढला.

तिसऱ्याला हात घातला.

दोर ताठ होता.

खडकात अडकला असेल, असं वाटलं. त्याने हिसका दिला. खालून हिसका आला.

एक. दोन. तीन.

चढाईत खालचा माणूस दोराला बांधून झाला की तीन हिसके देतो. वरच्याने 'धरला' म्हणायचं. तो म्हणेपर्यंत खालचा पाय उचलत नाही. ही रीत गटातल्या सगळ्यांना नदीमनेच शिकवली होती.

निरंजनने दोर दोन्ही हातांनी आवळला.

पुन्हा तीन हिसके. या वेळी जोरात. झाडाची गाठ पक्की होती, तरी दोर तळव्यातून सरकला, कातडी सोलली. टाच घसरली. त्याने झाडाच्या मुळाला पाय अडकवला.

खाली फक्त पाणी. पाण्यावर चंद्र.

"निरंजनभाऊ."

आवाज मोठा नव्हता. गॅरेजात गाडीखालून पाना मागावा, तेवढा.

"किती वाजले?"

"...अकरा वीस."

"पाणी?"

"भरलंय."

"कागदावर काय आहे?"

दोर ओढला गेला. हातभर. मुळातून पाय सुटला. गुडघे खडकावर आपटले.

"सात ते अकरा," निरंजन म्हणाला. "दिग्विजयने लिहिलं. त्याने. त्यानेच लिहिलं..."

"तपासलं कुणी?"

दोर आणखी हातभर. छाती कड्याच्या धारेवर आली. आता खाली दिसत होतं. दोर सरळ पाण्यात गेला होता. पाणी... तिथे काळं होतं.

"तपासलं कुणी?"

आवाजात रडणं नव्हतं, गाऱ्हाणं नव्हतं. राग होता. वर्षभर पाण्याखाली धरून ठेवलेला.

डोकं धारेबाहेर गेलं.

"कुणीच नाही," निरंजन ओरडला. "मी बघितलं नाही. नुसती सही केली. चूक माझी आहे, नदीम. तुझी नाही."

दोर तसाच राहिला. ताठ. त्याने दहा श्वास मोजले.

मग दोर ढिला पडला.

लाटांचा आवाज आला.

निरंजन दोर तिथेच टाकून गोजाबाईंच्या घरापर्यंत पळत आला. अकरा बेचाळीसला त्याने बसचा चालक इम्तियाज याला फोन केला आणि गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन स्पीकरवर ठेवायला लावून, सहीसकट सगळं सांगितलं. बारा वाजून आठ मिनिटांनी पिरंगुटहून बस मागे फिरली. चोवीस जण दोनच्या आत चाकणला उतरले. शनिवारी, सहा तारखेला, निरंजनने साबियाच्या सासूसमोर बसून ते सगळं पुन्हा सांगितलं आणि सहीनिशी लिहून दिलं. त्या महिन्यात गटाच्या वहीतली नदीमवरची ओळ खोडली गेली, तिथे दिग्विजय आणि निरंजन ही दोन नावं लिहिली गेली, आणि दोघांना गटातून काढलं.

एक सांगायचं राहिलं. त्याच गुरुवारी पहाटे पावणेसहाला, ओहोटीत, निरंजनने गोजाबाईंना सोबत घेऊन तो तिसरा दोर वर ओढला आणि जागेवर मोजला. पंचेचाळीस फूट. खालचे बारा फूट रात्री भरतीच्या पाण्यात बुडाले होते. ते कोरडे होते. वरचे सहा फूट, झाडाच्या गाठीपासून त्याने हातात धरलं होतं तिथपर्यंतचे, खाऱ्या पाण्याने निथळत होते.