शूबाई

ज्याचा आवाज बंद करायला जावं, तोच कानात घर करून बसावा... नशीब असं चावट असतं!

ती नगरपालिकेची आवाज-तपासनीस. तक्रार आली, की आवाज मोजायचं मीटर घेऊन दारात हजर. सगळ्यांना ‘श्शू!’ करून गप्प करते, म्हणून गल्लीबोळातल्या वादकांनी तिला नाव ठेवलं होतं, शूबाई. त्या संध्याकाळी तक्रार होती कोपऱ्यावरच्या कॉफीहाउसची. तिथे एक गिटारवाला, कॉफीहाउस चालवणाऱ्या आपल्या मावशीच्या गिऱ्हाइकांसाठी स्पीकर लावून गात होता. शूबाईला बघताच त्याचं गाणं अर्ध्यावरच राहिलं.

"बंद करू?"

"थोडा वेळ. आधी गाणं नसतानाचा आवाज मोजावा लागतो. रस्त्याचा, पंख्याचा... तोवर कुणी बोलायचं नाही."

"श्वास घेतला तर चालेल ना?"

"हळू घ्या!"

तो गप्प बसला आणि खुशाल तिच्याकडे बघत राहिला. तिनं मीटरवरची नजर उचलली नाही, पण कानशिलं मात्र तापली.

वरच्या मजल्यावरच्या काकांचे कान भलतेच तिखट. तक्रारी येत राहिल्या आणि तीही येत राहिली. गाण्याचा आवाज हद्दीतच असायचा. पण गाणं नसतानाची ती शांतता शूबाई जरा जास्तच वेळ मोजू लागली. नियमात बसत होतं का? मुळीच नाही! तो बघायचा, ती बघायची, आणि मावशी कपबश्या न वाजवता गालातल्या गालात हसायची. बोलायची वेळ आली की तो तारा जुळवत बसायचा, ती आकडे लिहीत. ऑफिसात फोन वाजला की सगळ्यांच्या आधी ती धावायची. कॉफीहाउसच्या तक्रारीचा नसला, की दिवसभर जीव चुटपुटायचा.

मग नवा नियम आला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दवाखाना, म्हणून सगळी गल्ली शांतता क्षेत्र. स्पीकर बंद. नुसती गिटार बाहेरच्या टेबलांपर्यंत पोचेना, गिऱ्हाईक रोडावलं. एका दुपारी मावशीचाच फोन आला.

"तक्रार नाही गं. भाचा निघालाय माझा. दुसऱ्या गावच्या हॉटेलात काम मिळालंय. संध्याकाळची गाडी आहे."

बाहेर धो-धो पाऊस. ती मीटर छातीशी धरून धावत पोचली. गिटार पाठीला लावून तो दारातच उभा होता.

"मीटर कशाला आणलंत?" त्याचे डोळे हसले. "स्पीकर तर नाही. आणि पावसात मोजलेलं धरत नाहीत, तुम्हीच सांगितलं होतं."

"हो... म्हणजे... सहजच. नियम मी नाही हो केला."

"माहीत आहे. मग?"

पत्र्यावर पाऊस थडाथडा आदळत होता. ती काहीतरी पुटपुटली.

"काय? ऐकू येत नाही!"

"जाऊ नकोस!"

साऱ्या गावाला गप्प करणारी शूबाई एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की आतली गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली. तिनं जीभ चावली.

"जाऊ नका... असं म्हणायचं होतं मला."

"अंहं. आधीचंच बरोबर होतं."

तिला हसू आलं आणि रडूही. आता मागे कशाला फिरायचं?

"नकोस ना जाऊ. मला करमणार नाही."

"जावं तर लागेल. पर्यटकांचा मोसम संपेपर्यंतचा शब्द दिलाय त्यांना." तिचा चेहरा उतरला, तसा तो एक पाऊल जवळ आला. "पण येईन. तू... थांबशील?"

तिनं नुसती मान डोलावली.

"तोंडानं सांग."

"थांबेन रे," ती म्हणाली.