पट्टीचं शेपूट

मोबाईल खिशात घालणार असाल तर सांगतो. नाहीतर राहिलं, मलाही झोप येतेय.

ऐकीव नाही हं. ज्याच्यावर बेतली तो आपल्या शेजारचाच, पावाच्या गाडीवाला. चाकांतली हवा बघितल्याशिवाय गाडी हलवायचा नाही, म्हणून आम्ही त्याला हवालदार म्हणतो.

खरं तर हवा बघायची त्याची बायको. वर्षानुवर्षं दोघं मिळून पहाटे दुकानादुकानांत पाव पोचवायचे. हा स्टिअरिंगवर, ती खाली उतरून प्रत्येक चाकाला लाथ घालणार. पंक्चरही तीच काढायची. ट्यूबलेस चाकाला भोक पडलं की त्यात रबराची चिकट पट्टी ठोसतात आणि बाहेर उरलेलं टोक कापून टाकतात. ही बाई कापायची नाही. "शेपूट काप की," हा करवादायचा. "रस्ता कापतो फुकटात," ती म्हणायची. आणि खरंच, चौकापर्यंत जाईतो ते घासून साफ व्हायचं. हवासुद्धा पस्तीसच्या जागी तेहेतीसच भरणार. म्हणे, चाक तापलं की उरलेली आपोआप वाढते. मग पत्र्यावर दोन थापा. मग हा विचारणार, "बसलीस का?" त्याचं उत्तर म्हणजे धाडकन लावलेलं दार.

ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

लेकीनं गाडीत हवा दाखवणारं यंत्र बसवून दिलं. "बाबा, आता चाकांकडे बघायला आई नाही." चाकांच्या आत सेन्सर, समोर छोटा पडदा, त्यावर चार आकडे. यंत्र एकदम चोख, पण यंत्राशी भांडता थोडंच येतं? शेजारची सीट रिकामी ती रिकामीच. तिच्याकडे बघवेना, म्हणून शेवटी त्यानं गाडीच विकायला काढली.

मागच्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. गिऱ्हाईक पलीकडच्या गावचं. त्याला रविवारी पहाटेच्या फेरीला गाडी हवी होती, म्हणून हा रात्री दीडला निघाला. थंडी मरणाची, रस्त्यावर चिटपाखरू नाही. जंगलातल्या उतारावर यंत्र टीं टीं करायला लागलं. मागचं डावं चाक. एकतीस... सत्तावीस... बावीस.

गाडी कडेला घेतली. पंक्चरचं सामान मागे, कुलपात. किल्ली याच्या खिशात. उतरायला गेला आणि हात दाराच्या मुठीवरच राहिला. बॅटरी कोण धरणार? एवढीशी गोष्ट, पण तिथं त्याचा बांध फुटला. कबरस्तानात रडला नव्हता तो तिथं स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. "मला नाही जमत गं एकट्याला," म्हणाला.

पडद्यावर चौदा.

आकडा तिथं थांबला.

मागून आवाज आला. खर्र... खर्र... भोकात कानस फिरवावी तसा.

आरशात बघितलं. नुसता काळोख.

गाडी किंचित हलली. आणि... फस्स. पुन्हा फस्स. पायपंप. आवाजामागून आवाज, आणि आकडा चढायला लागला. एकोणीस... चोवीस... उतरायचं होतं. नजर आकड्यावरून हटेना.

एकतीस.

बत्तीस.

तेहेतीस.

तिथंच थांबला.

मग पत्र्यावर थाप. एक... दोन.

त्यानं डावीकडे बघितलं नाही. समोरच बघत, हळूच विचारलं, "बसलीस का?"

...

...

दार वाजलं नाही.

उजाडेपर्यंत तो वाट बघत बसला. मग गाडी वळवली आणि घरी आला. गिऱ्हाइकाचे फोन वाजत राहिले, ते घेतले नाहीत. अजून तोच चालवतो गाडी. निघताना रोज विचारतो, थोडं थांबतो, मग गिअर टाकतो. लोक हसतात. हसू देत.

काय म्हणालास? डुलकी लागली असेल? अरे, मीही त्याला तेच म्हणालो. तेव्हा त्यानं मला हाताला धरून गाडीपाशी नेलं. मागच्या डाव्या चाकात पट्टी होती, शेपूट बोटभर. सगळा रस्ता तुडवून आलं होतं चाक.

गाडी ती काय, समोरच उभी आहे. बॅटरी घेऊन जा, पण हात लावू नका. वर्ष होत आलं. रोजच्या फेऱ्यांनी त्या चाकाच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्यात.

शेपूट अजून बोटभरच आहे.