क्रुसापाशी उतरणारा वेग

गिरीज गावातल्या एका वाडीत, झावळ्यांच्या सावलीत उभी असलेली ती निळी गाडी पाहताच जेन्सनची छाती आनंदाने धडधडू लागली. त्याच्या बायकोचे, ॲनिशाचे, दिवस भरत आले होते. ऐन वेणांच्या वेळी रिक्षा शोधत फिरावे लागू नये, म्हणून त्याला दगा न देणारी गाडी हवी होती.

त्याने आणि त्याच्या मित्राने, क्लिफर्डने, ती बारकाईने तपासली. इंजिन गार असतानाही पहिल्याच झटक्यात सुरू झाले. तेल स्वच्छ होते. जॅक लावून क्लिफर्डने चाके बोटाने फिरवली. ती कुठेही न अडखळता फिरत राहिली.

"गाडी बघतोयस की मुलगी?" क्लिफर्ड हसला. "लाजतोस काय, बस की आत!"

"आमचे आल्बर्ट फार जपायचे हिला," मालकीण हिल्डामावशी पायरीवरून म्हणाल्या. "रस्त्यातला एकही क्रूस त्यांनी वेगात ओलांडला नाही. हळू व्हायचे, क्रुसाची खूण करायचे, मगच पुढे. ते गेल्यापासून भाचा नुसती सुरू करून ठेवतो."

केळीच्या बागांमधून गाडी अशी सळसळत निघाली, की अबोल जेन्सनलाही गावेसे वाटले. पहिल्या क्रुसापाशी वेग आपोआप उतरला. ब्रेकवर त्याचा पाय नव्हता. क्रूस मागे पडला, तशी गाडी पुन्हा धावू लागली. दुसऱ्यापाशी तेच. तिसऱ्यापाशीही.

"पेट्रोलमध्ये कचरा असेल," क्लिफर्ड म्हणाला. पण त्याचा हात नकळत कपाळाकडे गेला होता.

जेन्सनला भीती वाटली नाही. गेलेल्या माणसाची सवय लोखंडात उरावी, याने तो हळवा झाला. अशी गाडी कुणाला दगा देईल? त्याने तिथूनच मावशींना फोन करून होकार कळवला, क्लिफर्डला नाक्यावर सोडले आणि गाडी दाखवायला थेट घर गाठले.

फाटकाशी ॲनिशा उभी होती.

दुरूनच वेग उतरू लागला. इथे क्रूस नव्हता.

"अरे वा, आपली?" पोटावर हात ठेवून ती आत बसली. "एक चक्कर मार ना, जेन्सन!"

गाडी निघाली. फाटक मागे पडले. चिंच मागे पडली. वळणही मागे पडले.

वेग वाढेना.

समोर रस्ता मोकळा होता. दोन्हीकडे नुसते भाजीचे वाफे. एक सायकलवाला त्यांना सहज मागे टाकून गेला.

"बाळासाठी एवढा जपून चालवतोस?" ॲनिशा हसली.

जेन्सनचा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला होता.