अकराव्या पानावरची खळ

घराण्याच्या या पुस्तकातून काकांना काय मिळणार होतं ते आधी सांगतो. म्हणजे मी उगाच कुणाबद्दल वाईट बोलतोय असं वाटायला नको.

काकांना पहिला नंबर मिळणार होता. भावंडांत थोरले म्हणून यादीत सगळ्यात वर नाव, शेजारी पानभर फोटो.

मला मुखपृष्ठावर जागा मिळणार होती. संकलक म्हणून.

हे घडलेलं आहे. मी तिथं होतो. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते. जागा म्हणजे आमच्या बाइंडिंगच्या कारखान्याची मागची खोली. वरच्या मजल्यावर काकांचं घर.

तीन पिढ्या आम्ही लोकांची पुस्तकं बांधतोय. आपलं स्वतःचं एकही नाही म्हणून दोन वर्षं खपून मी घराण्याची माहिती गोळा केली. कुणाला हा उद्योग करायचा असेल तर फुकटचा सल्ला देतो. फोटोच्या मागे पेननं लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. मूळ कागदाला हात लावण्याआधी त्याची प्रत काढा. आणि म्हाताऱ्या माणसांना एकेकटं गाठा. चारचौघांत सगळे तीच ठरलेली गोष्ट सांगतात.

आत्याला, म्हणजे काकांच्या धाकट्या बहिणीला, मी असंच एकटीला गाठलं होतं.

"थोरला कसला रे दादा? त्याच्या वर आक्का होती. नऊ वर्षांची असताना गेली."

"कशानं?"

"तापात होती. जेवण बंद केलेलं. भूक भूक करायची. दादानं गुपचूप वाटीभर खळ नेऊन दिली. पोरच ते, त्याला वाटलं पीठच आहे."

आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला.

"खळीत मोरचूद होता रे."

खळ म्हणजे कागद चिकटवायला पीठ शिजवून केलेला लगदा. तिला कीड लागू नये म्हणून आम्ही चिमूटभर मोरचूद घालतो. निळा असतो. विष.

कशानं गेली ते मी पुस्तकात घातलं नाही. तेवढा शहाणा आहे मी. पण अकराव्या पानावर भावंडांच्या यादीत पहिली ओळ आक्काची ठेवली. ऐंशी प्रती छापून आल्या आणि काकांनी ते पान उघडलं.

"हे झाक."

"काका, छापून झालंय आता."

"म्हणूनच झाक म्हणतोय. पट्टी चिकटव वर. जन्मभर लोकांच्या चुका झाकल्या, घरातली एक झाकता येत नाही?"

"पण आक्का होती ना?"

"होती. मुखपृष्ठावर नाव हवंय ना तुला?"

हवं होतं.

मी ऐंशी पट्ट्या कापल्या.

बाजारातला गोंद म्हटल्यावर काका असे बघायला लागले, जशी काही मी शिवीच दिली. खळ त्यांनी स्वतः शिजवली. बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकले. मोरचूद बेतात पडला की नाही ते आमच्याकडे असंच बघतात.

पट्ट्या लावल्या. कुलूप लावलं. वर चहाला गेलो.

कप तोंडाला लावला आणि खालून आवाज आला...

चप.

चप... चप...

कुणीतरी सावकाश काहीतरी चाटत होतं.

खाली आलो तर कुलूप जसंच्या तसं. आत ऐंशीच्या ऐंशी पुस्तकं उघडी. अकरावं पान. पट्टी एकावरही नाही. आक्काच्या ओळीवर रुंद, ओला फराटा... आणि पानापासून पानापर्यंत लाळेच्या तारा. खळीचं भांडं घासल्यासारखं लख्ख. खोलीत वास होता. आजारी माणसाच्या तोंडाचा, आंबट.

"मांजर," काका म्हणाले.

"मांजरं पानं मोजून उघडतात वाटतं?" काकू दारातून म्हणाली.

"तू वर जा."

दुसऱ्या दिवशी काकांनी नवी खळ शिजवली. चिमूट नाही, मूठभर मोरचूद घातला. भांडं निळं झालं.

"काका, एवढा?"

"चाटू दे."

कुणाला, ते मी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. मलाही. तरी मी आणखी ऐंशी पट्ट्या कापून दिल्या.

या वेळी काकांनी खळ जिभेला लावली नाही. पट्ट्या लावल्या, कुलूप लावलं, वर गेलो.

त्या दुपारी खालून आवाज आला नाही. तासभर कान देऊन बसलो...

काहीच नाही.

कुलूप काढलं. पुस्तकं मिटलेली, रचून ठेवलेली. वरचं उघडलं. अकरावं पान कोरडं. पट्टी नाही, डाग नाही. आक्काचं नाव ठसठशीत.

काका काहीतरी बोलायला गेले.

तोंडातून पट्टीचं टोक बाहेर आलं.

निळं. बुळबुळीत. त्यांनी बोटांनी ओढलं, तर तिला चिकटून दुसरी. तिच्यामागून तिसरी. मग ओढावं लागलं नाही. भडाभडा येत राहिल्या, गुठळ्यांनी, लाळेच्या दोऱ्यांत गुंफलेल्या. काकू घमेलं घेऊन धावली. तिनं हात घालून त्यांच्या घशातून पट्ट्या काढल्या.

मी मोजल्या. मला सवय आहे.

ऐंशी.

आदल्या दिवशीच्या ऐंशी कुठं गेल्या, मला माहीत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे यांना कुणी दिलं?" काकूनं निळी बोटं पदराला पुसली.

आता कुणाचं काय गेलं ते सांगतो. काकांची जीभ गेली. आहे जागेवर, पण चवही नाही आणि शब्दही नाही. पुस्तक सगळ्या नातेवाइकांकडे पोचलं, पहिली ओळ आक्काचीच. मुखपृष्ठावर माझं नाव आहे, आणि माझी प्रत मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली आहे. एवढंच. मी स्वस्तात सुटलो.

काकूचं नाव पुस्तकात कुठंच नाही. सुनांचा रकाना मी ठेवलाच नव्हता.

परवा कारखान्यात गेलो. काकू मागच्या खोलीत पाठमोरी उभी होती. खांदे हलत होते. वाटलं, रडतेय.

मग ऐकू आलं... चप.

"काकू?"

ती वळली. खळीचं भांडं हातात. बोटं पेरांपर्यंत निळी. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, आणि चेहऱ्यावर नऊ वर्षांच्या पोरीसारखं ओशाळं हसू.

"भूक लागते रे," ती म्हणाली. "कुणी काही देतच नाही."