दिवा वाढवू का?

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या लेकीला, शेफालीला, वाफ द्यायला अजून किती वेळ आहे ते बघायला मी मोबाईल हातात घेतला आणि तेवढ्यात पलंगाखालचा इन्व्हर्टर पहिल्यांदा ‘टीं’ करून ओरडला. सुरुवात झाली ती तिथून.

आमची गाडी म्हणजे फिरतं घर. आमच्या ह्यांनी, इंद्रजितनी, जुन्या टेम्पोत पलंग, शेगडी, मोरी सगळं बसवलंय. पर्यटकांना भाड्यानं देतो. डिसेंबरची गिऱ्हाइकं यायच्या आधी आपणच एक मुक्काम करून बघू म्हणून आम्ही तिघं कामथडीहून गुंजवण्याला, धरणाकाठी आलो. राजगड डोक्यावर, पुढं पाणी, आसपास कापणी झालेली भातखाचरं. दिवसभर मी लई खूष होते. शेफाली पाण्यात खडे टाकत होती अन् मी रस्सा ढवळत होते.

गाडीत बॅटऱ्या दोन. एक इंजिनाची, एक घराची. दिवे आणि शेफालीची वाफेची मशीन घराच्या बॅटरीवर चालतात, आणि ती छतावरच्या सोलरवर भरते. चूक एवढीच झाली की आम्ही गाडी गडाच्या कुशीत लावली. थंडीचं ऊन आधीच कोवळं. दुपार कलली की सूर्य गडाआड, आणि आमच्या छतावर सावली. बॅटरी अर्धी पण भरली नाही. इंजिन चालू करून भरावी, तर बघतात तो डायनामोचा पट्टाच तुटलेला. हे वाटेवरच्या एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून पट्टा आणायला वेल्ह्याला निघाले.

“थंडीत बॅटरी म्हाताऱ्यागत असती,” जाताना म्हणाले. “जेवल्यागत दिसती, पर दम न्हाई. दिवा एकच लाव.”

“अन् हिची वाफ?”

“तेवढी पुरंल की. लई घोर नको करू. न्हाईतर शेफूला विणलास तसा बॅटरीला बी एक स्वेटर विण.”

हसत गेले. मला हसू आलं नाही. शेफाली तीन वर्षांची आहे. गारठा पडला की तिची छाती शिट्टीसारखी वाजते. डॉक्टरांनी बजावलंय, आठची वाफ चुकवायची नाही.

अंधार असा आला, जणू कुणी वरून घोंगडी टाकली. पाण्याचा चुळुक चुळुक आवाज गाडीच्या अगदी जवळ आल्यासारखा वाटायला लागला. शेफाली अंधाराला भिऊन रडायला लागली, की छाती अजून वाजायची. म्हणून मी सगळे दिवे लावले. कळत होतं, पण लावले.

म्हणून तर बॅटरी उतरून इन्व्हर्टर ओरडला. मग परत. मग थांबून थांबून ओरडतच राहिला. मोबाईलला रेंज नव्हती. मी शेफालीला पोटाशी धरून बॅटरीच्या मीटरकडं बघत बसले.

मग वास आला. ओल्या मातीचा... आणि त्यात जळक्या वातीचा.

खिडकीच्या काचेबाहेर एक म्हातारी उभी होती. डोक्यावरून पदर. खिडकी बंद होती, तरी आवाज कानाशी आल्यासारखा आला.

“पोरी... दिवा वाढवू का?”

मला वाटलं, गावातलं कुणी आहे, बॅटरी संपत आल्याचं कळलंय हिला, उजेड वाढवून देते म्हणते.

“वाढवा की, आजी. लई उपकार होतील.”

कट्... कट्... कट्... एकेक बटण बंद झालं. बटणं गाडीच्या आत, माझ्या पाठीमागं. दाराला आतून कडी.

मिट्ट काळोख. तेव्हा उमगलं, ती काय विचारत होती. जुनी माणसं दिवा विझवू असं कधी म्हणतात का? वाढवूच म्हणतात. आणि मी हो म्हटलं होतं...

पण इन्व्हर्टर गप झाला होता. आणि शेफाली, अंधाराला भिणारी माझी पोर, माझ्या मांडीवर गप्प पडून कुणाकडं तरी बघून खुदकन हसली. मी बटणांना हात लावला नाही. आठ वाजता चाचपडत मशीन लावली. थोडी घरघरली आणि चालली, औषध संपेपर्यंत चालली. छाती मोकळी झाली, पोर झोपली. तिचा शांत श्वास ऐकत बसले. भीती होती, खोटं कशाला सांगू... पण असं समाधान मला कधी मिळालं नव्हतं.

हे आले ते चिडूनच. “एकच लाव म्हणलं हुतं ना? वळणावरनं बघतोय, गाडी नुसती लखलखतीय!” मग जरा मवाळ झाले. “पर बरं झालं म्हणा. धुकं असं दाट, त्या उजेडावरच वाट गावली.”

“अहो... आमी अंधारात बसलोय. कवापासनं.”

त्यांनी आत बघितलं. मग मागं वळून खिडकीकडं बघितलं.

“पर खिडकीत उजेड हुता गं. पिवळा... हालत हुता.”

आमच्या गाडीतले सगळे दिवे पांढरे आहेत.

तिकडं मुक्कामाला जाणार असाल तर दुपारची गडाची सावली कुठवर येते ते बघून गाडी लावा, घराची बॅटरी भरूनच निघा. आणि काचेबाहेरून कुणी विचारलंच, तर हो म्हणा. भिऊन उलटं बोलू नका. ओळखीत कुणाची असली गाडी असेल, घरात लेकरू असेल, त्यांना एवढं जरूर सांगा.