केसांतली जुनी क्लिप

"पाण्यात टिकेल ना हे?" त्याने विचारलं.

ती मामाच्या सुई-दोऱ्यांच्या दुकानात उभी राहायची आणि गिऱ्हाईक काय घेतंय त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते ओळखायची. पांढरी लोकर म्हणजे बाळ येणार, कोटाची काळी बटणं म्हणजे नवी नोकरी. पण हा गणिताचा मास्तर, बाहीला खडू, केसांतून पावसाचं पाणी निथळतंय... आणि मागतो काय, तर बिनरंगाचं नेलपॉलिश!

"हात सारखे पाण्यात असतात का... त्यांचे?" तिने खडा टाकून पाहिला.

"हात? नाही हो, बुडतं ते सगळंच!" तो हसला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात त्याने जाड सुई नेली, वर बाटलीचं बूच मागितलं. मग सगळ्यांत बारीक काळा दोरा. मग केसांच्या क्लिपा! एकेक क्लिप करंगळीला लावून बघत बसला.

"केस दाट आहेत की पातळ?" तिने विचारलं.

"पातळ. फार घट्ट बसली की तुटतात."

तिचं मन खट्टू झालं. बायकोची एवढी काळजी! तिने त्या न पाहिलेल्या बाईला मनातल्या मनात नावं ठेवली, मग स्वतःलाच. प्रेमात पडायला दुसरीचा नवराच मिळाला होता का? आणि तरी हात केसांकडे गेलाच.

"ही घ्या, माझी. जुनी आहे, स्प्रिंग मऊ पडलीय."

तो क्लिपेकडे बघत राहिला... मग तिच्या सुटलेल्या बटेकडे. लग्न झालेल्या माणसाने असं बघायचं कशाला? तिला काही उमजेना.

"विचार की सरळ," मामा म्हणाला. "दोरा विकायचा असतो गं, त्याने तोंड शिवायचं नसतं."

शनिवारी मास्तर आला तशी ती म्हणाली, "आज काय हवंय... वहिनींना?"

"कोण वहिनी?" गोंधळून त्याने खिशातून काडेपेटी काढली, उघडली.

"अगंबाई, माशी!" तिने मोजपट्टी उगारली.

"थांबा, थांबा! खोटी आहे. गळाला पीस गुंडाळून बांधलीय. मासा खरी समजून येतो. बांधायची तयार अवजारं फार महाग, म्हणून ही घरचीच. बुचात सुई खोचली की दोरा सारखा करायला होते. शेवटच्या गाठीवर नेलपॉलिश, म्हणजे पाण्यात सुटत नाही. आणि पीस धरायला तुमची क्लिप."

"मग ते पातळ केस?"

"कोंबड्याच्या मानेचे. पिसं हो!"

म्हणजे दोन महिने ती एका कोंबड्यावर जळत होती! ती हसता हसता खालीच बसली.

"मग आता काय देऊ?"

"काही नको. सगळी अवजारं झाली."

तिचं हसू विरलं. झालं, म्हणजे आता हा कशाला येतोय? तो दारापर्यंत गेला... आणि परत फिरला. कान लाल झाले होते.

"काही नको होतं — तरी आलोय. तुम्हाला बघायला. उद्याही येईन म्हणतो."

"माझी क्लिप परत आणाल?"

"ती नाही मिळायची."

आत मामा उगाचच खोकला. तिने मोजपट्टी नीट जागेवर ठेवली.

"उद्या दुकान बंद असतं," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडलेला तिने पुरता बघून घेतला. "तेव्हा... माशी कशी बांधतात ते बघायला मीच कुठे येऊ, सांगा."