लुरेच्या गुहेतला अंधार

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत राहणाऱ्या अतुलने आईबाबांना हर्नडनहून गाडीने लुरेच्या गुहा बघायला नेलं. व्हाइट हाउस झालं होतं, लिंकन मेमोरियल झालं होतं, पण दिगंबररावांचं मन कशातच लागत नव्हतं. सांगलीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली होती. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, चिमटा काढला तरी कळेना. सुमित्राबाई निवृत्त नर्स. त्या रोज हाताला मालिश करत, पण तो पुन्हा हलेल असं खोटं कधी बोलल्या नव्हत्या.

गुहेत ओल्या चुन्याचा वास होता. छताला लोंबणारे दगडी सुळके खालच्या तळ्यात इतके स्वच्छ उमटले होते, की पाणी कुठे आहे तेच कळेना. तिथे दिगंबरराव या प्रवासात पहिल्यांदाच आपणहून थांबले. पुढच्या दालनात गाइड मुलगी म्हणाली, आता दिवे घालवते, खरा अंधार कसा असतो ते बघा.

दिवे गेले.

सुमित्राबाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग शेजारून नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळू.

"सुमित्रा, हात जरा सैल धर. दुखतोय."

"अहो, मी कुठे धरलाय?"

"मग उजवीकडे कोण आहे?"

उजवीकडे खडक होता. उजेडात सुमित्राबाईंनी तो पाहिला होता. अतुल तर कॅमेरा घेऊन पुष्कळ पुढे होता. त्यांनी चाचपडत नवऱ्याचा उजवा हात शोधला. गार, ओला. बोटं घट्ट मिटलेली.

दुखतोय, म्हणाले होते ते.

दिवे आले. उजवीकडे खडकच होता.

दिगंबररावांनी मूठ उघडली. पुन्हा मिटली.

"बाबा, परत करा. प्लीज," धावत आलेला अतुल म्हणाला आणि रडायलाच लागला. सुमित्राबाईंनी एकेक नख दाबून पाहिलं. सगळीकडे जाणीव होती. नसा कधीकधी उशिरा जाग्या होतात, त्यांनी स्वतःला समजावलं. डोळ्यांतलं पाणी मात्र थांबेना.

बाहेर लख्ख ऊन होतं. दिगंबररावांनी घरी गेल्यावर कागद, पेन्सिल हवी म्हणून सांगितलं. सुमित्राबाई पुढे बसल्या. गाडीत मागे बसून ते शेजारी जागा ठेवून जरा आत सरकले. अतुल दार लावू लागला.

"थांब," ते मायेने म्हणाले. उजवा हात त्यांनी उघड्या दाराबाहेर धरला, एखाद्याला वर चढायला द्यावा तसा. "त्याला बसू दे आधी."